पाठ न दिसणारं कपाट

आमच्या घरी चोरी झालेली नाही. हे आधीच सांगते, कारण गेल्या पावसाळ्यापासून जो भेटतो तो "काय काय गेलं हो?" असं चोरी झाल्यागत विचारतो, आणि "कागद गेले, उधईनं खाल्ले" म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. एवढंच होय, असा. मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मधूनमधून उघडून बघायचं असते ना ताई." या एका वाक्यापायी मी लिहायला बसले आहे. उघडून बघत होते हो. दर महिन्याला उघडत होते, पुसत होते, डांबराच्या गोळ्या बदलत होते. समोरून सगळं जागच्या जागी होतं. जे गेलं ते पाठीमागून गेलं, आणि त्या कपाटाची पाठ बघायची काही सोयच ठेवलेली नव्हती.

कपाट म्हणजे ते भिंतभर, छतापर्यंत जाणारं, सरकत्या दारांचं. चंद्रपुरात तुकूमच्या आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी बसवलं. त्याआधी सासऱ्यांनी घेतलेलं लोखंडी कपाट होतं. दार उघडताना करकरायचं, आरसा डागाळलेला, पण चार पायांवर उभं. कॉन्ट्रॅक्टर माप घ्यायला आला तेव्हा त्या कपाटाला बोटानं टकटक करून म्हणाला, "मॅडम, हा डबा कोण ठेवते आता घरात? किती जागा खाऊन राहिला." मी नको म्हणत होते. घरातल्या बाकी सगळ्यांना ते भिंतभर कपाट हवं होतं, आणि आता तीच मंडळी मला लक्ष ठेवण्याबद्दल सांगतात. असो. लोखंडी कपाट भंगारात गेलं.

मी विचारायचं ते सगळं विचारलं होतं. उधईचं काय? "सातशेदहा नंबर लावून राहिलो आपण. मरीन. पाण्यात ठेवा, काही होत नाही. उधई तोंड लावणार नाही. दहा वर्षं गॅरंटी, लेखी." लेखी म्हणजे रंगीत कार्ड, वर सोनेरी अक्षरं. ७१० हा मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक आहे, तो खरा. त्या प्रतीची फळी तासन्‌तास उकळत्या पाण्यात ठेवली तरी तिचे थर सुटू नयेत अशी अपेक्षा असते. पण पाण्यात न सुटणं आणि उधईनं न खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. दारांना आणि उभ्या फळ्यांना त्यानं खरोखर शिक्क्याचं प्लाय लावलं होतं, कारण ते माझ्या डोळ्यासमोर उतरलं आणि मी शिक्के वाचले. पाठीला जी पातळ फळी ठोकली ती कुठली होती ते मात्र पुढे कपाट तोडल्यावर कळलं. बिनशिक्क्याची, हलकी, साधी कमर्शियल. आम्ही दोघंही कामावर असताना ठोकलेली. बाहेरच्या भिंतीला थेट टेकवून.

गेल्या पावसाळ्यात मुलीच्या ॲडमिशनसाठी जात वैधता हवी होती. आम्ही ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीच्या लोकांना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आपल्याकडे हे कागद कसे जमतात ते ज्यांनी जमवले त्यांनाच ठाऊक. आमच्याकडे जमलेले होते. आजेसासऱ्यांचा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल, कोतवाल पंजीतली एक नोंद, आणि चुलत सासऱ्यांचं वैधता प्रमाणपत्र. सासऱ्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात खेटे घालून काढलेले. त्यातल्या एका नकलेवर त्यांनी मागे पेन्सिलीनं टीप लिहिली होती, कोणत्या बस्त्यात सापडली त्याची.

फाइल त्या नव्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. ड्रॉवर ओढला. निळ्या पुठ्ठ्याचं कव्हर वरून जसंच्या तसं, त्यावर माझ्याच अक्षरात ‘जात – मूळ प्रती’. उचललं तर हाताला वजन लागलं नाही. इतकंच आधी कळलं, की हलकी आहे. मला वाटलं कुणीतरी कागद काढून घेतले. खरं सांगते, त्या क्षणी मी घरातल्याच माणसावर मनातून आळ घेतला. मग कव्हर उघडलं. आत माती. ओलसर, तांबूस, बोटानं दाबली तर खचणारी. तिच्या कडेला कागदाची एक चिरोटी उरली होती, त्यावर जांभळ्या शिक्क्याचा अर्धा गोल आणि ‘मौजा’ एवढा शब्द. गावाचं नाव पुढे होतं, ते गेलेलं. ड्रॉवरच्या मागे हात घातला तर पाठीची फळी पापडासारखी मोडून हातात आली, आणि आतून त्या पांढऱ्या आळशी किड्यांची रांग उजेडात आली. आळशी म्हणते, पण एका पावसाळ्यात त्यांनी केलेलं काम बघा.

वरच्या कप्प्यात सासूबाईंची कोशाची करवतकाठी साडी होती, आरमोरीचा कोसा. उधई रेशीम खात नाही म्हणतात. साडी पुठ्ठ्याच्या खोक्यात होती, पुठ्ठा खाताना वाटेत आलेला कोसा तिनं कुरतडला. घडीवर घडी, म्हणून एकच भोक उलगडल्यावर रांगेनं दिसतं.

आता त्या कॉन्ट्रॅक्टरचं वागणं. फोन केला तेव्हा पहिल्यांदा हसला. "मॅडम, उधई तुमच्या जमिनीतली आहे, माझ्या प्लायमधली नाही." हे शास्त्रानुसार बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त राग येतो. ही उधई जमिनीतूनच येते. मग गॅरंटी कशाची दिली होती? ती काय आकाशातून येईल असं गृहीत धरून? दुसऱ्यांदा म्हणाला, गॅरंटी प्लायची आहे, आतल्या सामानाची नाही; कार्ड वाचा. वाचलं. सोनेरी अक्षरांच्या मागच्या बाजूला बारीक छपाई होती: खराब झालेली फळी बदलून मिळेल, मजुरी ग्राहकाची, मूळ बिल आवश्यक. "बिल आणा मॅडम, मूळ." हे म्हणताना तो परत हसला, कारण त्याला माहीत होतं. दुकानाचं बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावरचं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, दोन उन्हाळ्यांत त्या कागदावरचं एक अक्षर उरत नाही. पांढरं कोरं. पण मी घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढला होता आणि झेरॉक्सही, आणि झेरॉक्स ऑफिसच्या टेबलात होती. ती पुढे ठेवली तेव्हा त्याचं हसू गेलं. तेवढा एक क्षण मला मिळाला.

त्यानंतर त्यानं एक पोरगा पाठवला, हातात पाण्याची बाटली, बाटलीत डिझेल. त्यानं भिंतीवर, फळीवर ते फवारलं, घरभर वास सोडला आणि निघून गेला. समोर दिसलेल्या उधया मेल्या असतील. वारूळ जमिनीखाली, राणी जमिनीखाली, तिला काय फरक पडतो? आणि लाकडी कपाटावर डिझेल, शेजारी इस्त्रीचा प्लग. मग कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पाठ बदलून देतो, मटेरियलचे पैसे तेवढे द्या. मग फोन उचलणं बंद. व्हॉट्सॲपवर मात्र रोज नवीन किचनचे फोटो टाकून राहिला होता.

उधईबद्दल मी आता जे सांगते ते घरी औषध घालायला आलेल्या माणसाकडून आणि थोडं वाचून. आपल्याकडची बहुतेक उधई जमिनीत राहते. तिला ओल लागते, अंधार लागतो, उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून ती भिंतीवरून मातीची नळी बांधत चढते, किंवा फरशी आणि भिंत यांच्या सांध्यातून, विजेच्या पाइपाच्या भोकातून आत शिरते. चंद्रपूर-गडचिरोलीत नवीन लेआउट पडतात ते बहुधा झुडपी जमिनीवर किंवा धानाच्या बांधीवर. झाडं कापतात, बुंधे जमिनीतच राहतात. वर भराव टाकताना सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, सिमेंटच्या कागदी पिशव्या त्यातच जातात. म्हणजे तिला जेवण आपणच जोत्याखाली पुरून ठेवतो. त्यावर बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल, आणि त्या भिंतीला टेकून लाकडाची अंधारी पाठ. तिनं यायचं नाही तर जायचं कुठे?

पण मुद्दा उधई येण्याचा नाही, ती या जिल्ह्यात येणारच. मुद्दा ती आलेली दिसण्याचा आहे. हे मला कळलं ते सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत. उतारा पुन्हा काढायचा म्हणून गेले, मनात धाकधूक की रजिस्टरही गेलं असेल तर सगळंच संपलं. जिल्हा परिषदेची शाळा, कवेलूचं छत, एका कोपऱ्यात गळणारं. मुख्याध्यापकांनी कपाट उघडलं आणि जुनं दाखलखारीज रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. शाबूत. शाई फिकी झालेली, पण आजेसासऱ्यांचं नाव, जात, गाव, जन्मतारीख सगळं वाचता येत होतं. कपाट लोखंडी, साधं. प्रत्येक पायाखाली दोन विटा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं, आणि खालचा कप्पा रिकामा. मी विचारलं, खालचा रिकामा का? म्हणाले, "नळी चढली तर पायावर दिसते. झाडूवाल्या बाईला सांगून ठेवलं आहे, माती दिसली की मला बोलवायचं." त्यांनी उधई थांबवायचा काही बंदोबस्त केलेला नव्हता. विटेवरूनही ती चढू शकते. त्यांनी फक्त तिची वाट उघडी ठेवली होती. आमच्या कपाटाची सगळी शोभा तीच वाट झाकण्यात होती.

माझं माहेर धानोऱ्याकडचं, गडचिरोली जिल्ह्यातलं. तिथे धानाची ढोली असायची, बुरडांनी विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, दगडांवर उभी. खालून मांजर फिरायचं. पेट्याही मांडणीवर. त्या लोकांना प्लायचे नंबर ठाऊक नव्हते, पण खालून वाकून बघता आलं पाहिजे एवढं ठाऊक होतं. जुनं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. ढोलीत सोंडे व्हायचे, उंदीर व्हायचे, आई कावायची. आज पत्र्याची कोठी त्याहून बरी, जर धान नीट वाळवून घातलं तर. ओलं धान पत्र्यात घातलं की आतून घाम येतो आणि खाली बुरशी. दाताखाली कट्टकन मोडलं पाहिजे, मगच कोठीत.

आता काय करायचं ते. क्रमानं सांगता येणार नाही, जसं आठवेल तसं लिहिते.

भिंतीत ठोकलेलं कपाट करायचंच असेल तर बाहेरच्या भिंतीला करू नका, आतल्या दुभाजक भिंतीला करा. न्हाणीघराच्या भिंतीला तर कधीच नको. पाठीची फळी स्क्रूवर बसवायला सांगा, खिळ्यांनी ठोकायला नाही, म्हणजे वर्षातून एकदा ती काढता येईल. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, असं कुणी करत नाही. करायला लावा. प्रत्येक फळीवर, पाठीच्याही, आयएसआयचा शिक्का आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा; फळी कापायच्या आधी त्याचा फोटो घ्या. पाठीतच फसवतात. पाठ, ड्रॉवरचा तळ आणि पायथ्याची पट्टी, या तीन जागा दिसत नाहीत म्हणून तिथे हलका माल जातो.

साग लावा म्हणतील. बल्लारपूरच्या डेपोतला साग २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला तेव्हा इथे शोभायात्रा निघाली होती, सगळ्यांची छाती फुगली. तो गाभ्याचा साग, त्याला उधई सहसा शिवत नाही हे खरं. पण बाजारात ‘साग’ म्हणून मिळतं त्यात कडेचं पांढरं लाकूड बरंच असतं आणि ते उधईला चांगलं लागतं. आणि बिल नसलेला स्वस्त साग घरात आणू नका. कुठल्या जंगलातून आला ते विचारायला वनखातं येतं, सुतार तेव्हा नसतो.

औषध घालायचं तर फवारणी म्हणजे औषध घालणं नव्हे. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात साधारण फूट-फूट अंतरावर भोकं पाडून जमिनीत औषध सोडावं लागतं. राहत्या घरासाठी त्याची मानक पद्धत ठरलेली आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. औषध घालायला येणाऱ्या माणसाला तो क्रमांक विचारा. माहीत नसेल तर दुसरा माणूस बघा. घर बांधायचं असेल तर जोत्याच्या वेळीच करून घ्या, तेव्हा खर्च कमी येतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या उधया येतात त्या बाहेरूनही आलेल्या असतात, त्यांना घाबरू नका. पण खिडक्या बंद असताना आतल्या कोपऱ्यात झडलेल्या पंखांचा थर दिसला तर वारूळ घराखालीच आहे समजा.

कागद. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडे सोन्याची काळजी करतात आणि कागद गादीखाली ठेवतात. या दोन जिल्ह्यांत कागद म्हणजे जमीन. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. त्यामागे गावानं वर्षानुवर्षं केलेला अभ्यास आणि जपलेली नोंद होती. आणि वैयक्तिक वनहक्काच्या दाव्यात जे आदिवासी नाहीत त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. एवढं जुनं पेरेपत्रक, निस्तारपत्रक, दंडाची पावती कुणाच्या पेटीत असेल तर ती पेटी आज उघडा. उधईनं खाल्लेल्या पावतीवर कोणतीही समिती हक्क देत नाही.

जुना कागद लॅमिनेट करू नका. गरम प्लॅस्टिक एकदा चिकटलं की निघत नाही, आणि मूळ कागद तपासायला मागितला तर अडचण होते. चकचकीत पारदर्शक फोल्डरमध्ये झेरॉक्स ठेवली तर आपल्या उन्हाळ्यात तिची शाई प्लॅस्टिकला चिकटून येते. साधा कागदी लिफाफा, त्यावर सुती कापड, आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. डबा जमिनीवर नाही, अगदी माळ्यावरही नाही, कारण पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर मे महिन्यात भट्टी असते. कमरेच्या उंचीला, मधल्या खोलीत. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग बदलल्यावर ते पुडीतून काढून मंद आचेवर शेकून पुन्हा वापरता येतात, फेकू नका. आणि प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या साक्षांकित प्रती दुसऱ्या घरात ठेवा, भावाकडे, बहिणीकडे. माझी झेरॉक्स ऑफिसात होती म्हणून बिल वाचलं. फाइलच्या प्रती मात्र त्याच ड्रॉवरमध्ये मूळ कागदांच्या खाली होत्या, कारण सगळं एका ठिकाणी असावं हा घरातला आग्रह. कुणाचा ते सांगत नाही.

मोबाइलमध्ये फोटो आहेत, डिजिलॉकरात आहेत, असं मुलं सांगतात. डिजिलॉकरात सरकारी खात्याकडून थेट जारी झालेला दस्तऐवज मूळ कागदासारखाच धरतात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेला तसा धरत नाहीत. हा फरक लक्षात घ्या. फोटो तरीही काढून ठेवा, कारण बस्ता नंबर, पान नंबर हाती असला तर नवी नक्कल लवकर निघते. आमची निघाली ती सासऱ्यांची ती पेन्सिलीची टीप नवऱ्याला आठवत होती म्हणून.

इरई नदीच्या काठी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूरच्या रहमतनगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा लोकांनी आधी टीव्ही उचलला, कागद खालीच राहिले. तिकडे भामरागडात पर्लकोटा नदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, दुकानदारांना माल उचलून उंचावर हलवावा लागतो, गावोगावचा रस्ता तुटतो. त्यांच्याकडून शिकण्यासारखं हे की जे उचलायचं ते उचलता येईल अशा खोक्यात असावं. पुरात भिंतीला ठोकलेलं कपाट कोण उचलणार?

दुकान, ऑफिस, गोदाम यांचं थोडक्यात. भाच्याचं नागभीडला कृषी केंद्र आहे. पोत्यांची थप्पी त्यानं लाकडी फळ्यांवर रचली आहे, भिंतीपासून माणूस आडवा जाईल एवढी जागा सोडून, आणि बियाणं आणि औषधं वेगळ्या खोल्यांत. जुनी वहीखाती मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात जमिनीवर होती. पुठ्ठा हे उधईचं आमंत्रण आहे. मी गेले तेव्हा ती सगळी लोखंडी रॅकवर चढवायला लावली. तो माझ्यावर हसला. हसू दे.

आता सोनं. या प्रकारानंतर सगळे म्हणाले, बँकेत लॉकर घे. गेले. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, रिकामं नाही, झालं की कळवू. आणि एक मोठी एफडी केली तर बघता येईल. नियम असा आहे की अर्ज केल्यावर बँकेनं प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यायचा असतो, आणि नव्या ग्राहकाकडून ठेव मागायचीच तर ती तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च भागेल एवढीच. ऑगस्ट २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत हे आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू. मी तेवढं म्हटल्यावर बाईंनी मान वर केली. क्रमांक मिळाला. लॉकर अजून मिळालेला नाही.

पण लॉकर म्हणजे सगळं निश्चिंत, असंही नाही. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख, आजच्या भावानं त्यात दोन तोळेही येत नाहीत. पूर, वीज, भूकंप यांची जबाबदारी त्यात नाही. आणि रोख रक्कम ठेवायचीच नाही, करारातच मनाई आहे. मुरादाबादला २०२३ साली एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी लॉकरात ठेवलेल्या १८ लाखांच्या नोटा उधईनं खाल्ल्या होत्या. बँकेच्या लॉकरात, बरं का. ती बातमी मी कॉन्ट्रॅक्टरला पाठवली होती, त्यानं अंगठा दाखवला. कुरतडलेली नोट बँक बदलून देते, पण किती भाग उरला आहे त्यावर पूर्ण, अर्धे किंवा शून्य. मातीचे पैसे कुणी देत नाही.

दागिने घरात असोत की लॉकरात, प्रत्येकाचा फोटो, वजन, हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक आणि बिल यांची यादी करून ठेवा. चांदी रबरबँडनं बांधू नका, रबरातल्या गंधकानं काळी पडते. जरीच्या साडीला डांबराची गोळी टेकू देऊ नका. साडी सुती कापडात गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. लॉकरला नॉमिनी लावा. हे सगळे सांगतात, तरी लावत नाहीत.

राहिलं भांडण. ग्राहक आयोगात तक्रार करायला वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद, मग स्पीड पोस्टानं नोटीस, पोच जपून ठेवायची. तोंडी बोलणं सिद्ध करणं अवघड जातं. "लावून राहिलो ना मॅडम सातशेदहा" हे त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ते कामाला येईल. कपाट तोडताना पाठीच्या बिनशिक्क्याच्या फळीचे तुकडे मी पोत्यात भरून ठेवले आहेत. घरचे म्हणतात, ही घाण कशाला जपते. पत्र्याच्या पिंपात ठेवली आहे, जपूनच. नोटीस गेली आहे, उत्तर आलेलं नाही. कार्डावर लिहिलेली फळी मिळाली नाही आणि गॅरंटीची सबब सांगून टाळाटाळ झाली, एवढंच माझं म्हणणं आहे. साडीची आणि सासऱ्यांच्या कागदांची भरपाई मागितलीच नाही, त्यांची किंमत मला लावता आली नाही.

तुमच्या घरात भिंतीला ठोकलेलं कपाट असेल तर येत्या रविवारी खालचा कप्पा पूर्ण रिकामा करा आणि पाठीची फळी बोटानं ठोकून बघा. पोकळ वाजली तर सुताराला फोन करायच्या आधी तारीख दिसेल असे फोटो काढा, आणि बिल कोणत्या कागदावर आहे ते बघून आजच त्याची झेरॉक्स काढा.